छत्तीसच्या रोलवर एकेचाळीस फोटो

जावईबापूंनी घरातले सगळे मोबाइल एका पातेल्यात गोळा केले, वर झाकण ठेवलं आणि मगच खांद्यावरचा रोलचा कॅमेरा उतरवला. सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: दोन्ही मुलांचा एकत्र फोटो. एका लाकडी कपाटापायी हे दोघं भाऊ, म्हणजे जावईबापूंचे मेहुणे, नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आज आईच्या शब्दाखातर ते एका सोफ्यावर, मध्ये दोन उशा ठेवून बसले होते.

"मोबाइलवर पटकन काढा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"मोबाइलवर माकडंही काढतात! डिजिटलमध्ये जीवच नसतो. रोलवर माणूस उतरतो, माणूस!"

हा साक्षात्कार जावईबापूंना तीन महिन्यांपूर्वी, जुना कॅमेरा विकत घेतल्यावर झाला होता. त्याआधी ते स्वतःच्या चपलांचेही मोबाइलवर वीस-वीस फोटो काढत. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्याला मागचं कुठलं आठवणार?

दोन तास माणूस उतरवणं चाललं. पडदे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. थोरल्याची मान अवघडली. धाकट्याला शिंक आली, तर "दाबा ती!" असा हुकूम सुटला. शेवटी उशा निघाल्या आणि थोरल्याने नाइलाजाने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खट् झालं.

"अहो, हा एकेचाळिसावा," बायको पुटपुटली. "रोल छत्तीसचा होता ना?"

"हाताला कसब असलं की रोल पुरतो."

रोल परत गुंडाळताना चावी दोन फेऱ्यांतच सैल पडली. यंत्र अस्सल आहे, एवढंच जावईबापूंना त्यातून कळलं.

चार दिवसांनी स्टुडिओवाल्याने त्यांच्या हातात एक लांबलचक पारदर्शक पट्टी ठेवली. "साहेब, रोलचं टोक आतल्या चक्रीत अडकलंच नव्हतं. रोल जागचा हललाच नाही. एकही फोटो नाही यावर."

"एकही?"

"खिडकीला लावून बघा. पलीकडचं सगळं स्वच्छ दिसतं."

जावईबापू पट्टी घेऊन सासुरवाडीला गेले, तेव्हा दोन्ही मेहुणे फोटो बघायला आलेले होते. एक दाराशी, एक खिडकीशी. खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"म्हणजे दोन तास आम्हाला उगाच बसवलंत?" थोरला ओरडला.

"शिंकसुद्धा दाबायला लावली, दादा!" धाकटा म्हणाला.

"अरे, माझी मान अजून वळत नाहीये! मी तेव्हाच म्हणणार होतो."

"मग म्हणायचंस ना! मीही साथ दिली असती."

नऊ वर्षांचं तुंबलेलं बोलणं जावईबापूंच्या डोक्यावर कोसळू लागलं. दोघं खांद्याला खांदा लावून, बोटं नाचवत, एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. सासूबाई हळूच उठल्या, सुनेचा मोबाइल उचलला आणि बटण दाबलं.

तो फोटो आता दिवाणखान्यात मोठा करून लावला आहे. दोन्ही मुलगे तावातावाने बोलताहेत, पुढ्यात मान खाली घातलेले जावईबापू. परवा त्यांनी तो चष्मा लावून नीट न्याहाळला.

"फोकस हललाय, सासूबाई. डिजिटलचं हे असंच."

"हलू दे," सासूबाई म्हणाल्या. "आलाय तरी."