निंबाजीराव मुख्यांनी तिवई सोडिली त्याची हकिकत

श्रीगणेशास वंदन, शारदेस वंदन, आणि बसावयास उत्तम जागा मिळाली असताही ज्यांस उठावयाचे सुचले, त्या विरळ्या पुरुषांस तिसरे वंदन. शके सतराशे अकरा, सौम्यनाम संवत्सरे, परंतु नावापलीकडे सौम्य काहीच नव्हते, ऐशा समयी समुद्रापलीकडील एका नव्या राज्यात वर्तले ते लिहितो.

त्या राज्याचे रयतेने आपला राजा हाकून दिला होता. राजा दूर, मधे समुद्र, आणि न विचारता जकाती बसवी. मग लढाई जाहली आणि निंबाजीराव सेनापतींनी फाटक्या जोड्यांच्या फौजेनिशी ती जिंकिली. मग पंच जमोन बोलिले जे, "राजा तर नकोच, परंतु कोणी तरी पाहिजेच, निंबाजीरावांस मुख्य करावे." रावांची नदीकाठी अंजिराची बाग, दारात गाभण घोडी, आणि घरी जावे इतकीच वासना. बोलिले, "घोडीचे दिवस भरत आले, मजला सोडा." परंतु लोकांनी घोडीचा विचार न करिता त्यांस उचलून आणिले. मग प्रश्न पडिला जे, मुख्यांनी बसावे कशावर? सिंहासन म्हणावे तर राजा आला, गादी म्हणावी तर राजाचा भाऊ आला, आणि उभे ठेवावे तर उतारवयाचा मनुष्य. यावर बहुत भवति न भवति होऊन ठरले जे, एक साधी लाकडी तिवई करावी, तीस पाठ नसावी, मऊपणा नसावा, म्हणजे बसणारास फार दिवस बसवणार नाही. शहाणपण थोर खरे. परंतु राज्य नवे आणि खोड जुनी; मुख्य उठले की दरबाराने उठावे आणि मुख्य बसल्यावाचून कोणी बसू नये, ही राजाचे वेळची चाल कोणाच्याने मोडवेना. राव पायाची मुंगी झाडावयास उठले तरी सारा दरबार धडाधड उठे, आणि ते शरमून पुन्हा बसत.

दरबारात उद्धवपंत फडणीस आणि राघोपंत डबीर असे दोघे मुत्सद्दी होते. फडणिसांकडे खजिना, डबिरांकडे परराज्यांचा व्यवहार. दोघेही हुशार, म्हणोनच एकमेकांचे तोंड पाहवत नसे. एक पूर्व म्हणे तो दुसरा पश्चिम म्हणे, आणि कजिया हातघाईवर आला की राव मुकाट्याने उभे राहात. मग दोघांसही उठावे लागे, आणि उभ्याने भांडणे थोरांस शोभत नाही म्हणोन भांडण तेथेच थांबे. ऐशा युक्तीने राज्य चालिले. पुढे फडणिसांनी डोंगरी मुलखातील दारूच्या भट्ट्यांवर कर बसविला, तो डोंगरी लोक खवळले आणि वसुलीस गेलेल्या कमाविसदारास डांबर फासोन, वर कोंबड्याची पिसे चिकटवोन माघारी धाडिले. राव स्वतः फौज घेऊन गेले. डोंगरी लोक फौज पाहताच रानात पसार जाहले, दोघे हाती लागले तेही अर्धवट, त्यांस सोडून दिले. परत येतात तो तिवईस मखमली लोड लाविलेला. फडणीस बोलिले, "राव, प्रवासाने कंबर धरली असेल." कंबर धरलीच होती, मग लोड राहिला. मग समुद्रापार दोन थोर राज्ये लढाईस जुंपली. एक आपला जुना धनी, दुसरा मागील लढाईतील आपला साह्यकर्ता, परंतु याने नुकतेच स्वतःचे राजाचे मुंडके उडविलेले. फडणीस म्हणत पहिल्यास धरावे, डबीर म्हणत दुसऱ्यास. राव बोलिले, "दोन रेडे झुंजतात, आपण आपले कुंपण धरून उभे राहावे." यावर दोन्ही पक्षांनी शिव्या दिल्या, छापखान्यांनी त्या फुकट वाटिल्या, आणि राव फार कष्टी जाहले. तेव्हां त्यांचा खेद जावा म्हणोन डबिरांनी तिवईस नकशीची पाठ करविली, आणि पंचांनी ऊन लागते म्हणोन वर छत्र धरिले. राज्य नको होते, राज्याची सावली मात्र आली.

मग बागेहून रावांची स्त्री सगुणाबाई भेटीस आल्या. लोड पाहिला, छत्र पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "इकडून जे सिंहासन मोडणे झाले, ते हेच का?" रावांस रात्रंदिन एकच घोर होता. आपण गेलो तर हे दोघे राज्य फाडून खातील. आपण राहिलो तर ज्यास हाकिले तोच आपण होऊ. बाई म्हणाल्या, "घोडी व्याली, शिंगराचे घोडे जाहले, त्याने इकडचे तोंड पाहिले नाही." हे मात्र जिव्हारी लागले. मग रावांनी दवंडी पिटविली जे, आम्ही यापुढे मुख्य राहणार नाही. फडणीस रडले, डबीर रडले, आणि दोघे एके ठिकाणी रडले ही प्रथमच वेळ.

मग पंचांनी भिकाजीपंत नायबांस मुख्य निवडिले. हे गृहस्थ इतकी वर्षे रावांचे बाजूस बसोन जांभया देत आले होते. सोहळ्याचे दिवशी रावांनी छत्र उतरविले, पाठ उखडविली आणि लोड काखेत मारिला. भिकाजीपंत हळूच बोलिले, "लोड तरी ठेवा." राव बोलिले, "कंबर माझी गेली, पंत. तुमची जाईल तेव्हां तुम्हीही घरी जा." ऐसे बोलोन बाहेर निघाले. रिकिबीत पाय घालितात तो आत चिडीचूप. परतून पाहतात तो सारा दरबार उभा! आजवर राजाची जागा तलवारीने किंवा तिरडीनेच रिकामी झालेली लोकांस ठाऊक. धडधाकट मनुष्य उठोन जातो हे कोणी देखिले नव्हते. कित्येकांस वाटले, लघुशंकेस गेले असतील. भिकाजीपंत घाम पुसोन म्हणाले, "आपण उभे असता मी कसा बसू?" राव समजले जे, लढाई जिंकिली ती अर्धीच होती. मग ते आत येऊन रयतेचे रांगेत शिरले आणि दोन कोष्ट्यांचे मधे जमिनीवर मांडी घालोन बसले. तेव्हां पंत चाचरत तिवईवर बसले, तिवई करकरली, आणि मग सारे बसले. मग निंबाजीराव गुडघ्यावर हात टेकोन उठले, आणि दाराकडे चालिले. कोणी उठले नाही. दारात त्यांनी एकवार मागे पाहिले. सगळे बसलेलेच होते, आणि फडणीस व डबीर नव्या मुख्यांपुढे भांडावयासही लागले होते. राव संतोष पावोन घरी गेले.

तात्पर्य, राज्य मिळविणारे पुष्कळ, राखणारे थोडे, आणि आपण उठलो असता लोकांस बसलेले पाहोन ज्यास सुख वाटले ऐसा आम्हांस एकच ठाऊक. इति हकिकत संपूर्ण. लोड बागेतील ओटीवर आहे, कापूस निघाला आहे.