नानांचा कान

सामना रंगात आला की सोनगीरचे नाना मैदानाकडे पाठ फिरवून बसतात. खुर्ची किल्ल्याकडे, कान जाळीकडे. व्हॉलीबॉलचा प्रशिक्षक असून सामना बघत नाही म्हटल्यावर परगावचे पंच आधी हसतात. तेवढ्यात नाना मान न वळवता ओरडतात, "भारती, आंगठा लागना! बद्द वाजना!" आणि भारती खरोखरच आंगठा चोळत असते.

नाना तांबटाच्या घरातले. आमच्या गावात तांब्या-पितळेची भांडी घडतात. ठोका चुकला तर कानाला आधी कळतो, डोळ्याला मागून. हेच शास्त्र त्यांनी चेंडूला लावलं. मी शाळेत गणित शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो. त्यामुळे माझ्या दाराची कडी, माझी सायकल आणि माझा खोकला, सगळ्यांचं निदान ते भिंतीपलीकडून करतात.

तरुणपणी ते राज्याच्या संघातून खेळले आणि जिंकले. सुवर्णपदक गळ्यात पडलं तेव्हा व्यासपीठावरच त्यांनी त्यावर नख वाजवलं आणि प्रमुख पाहुण्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, हे पितळ शे. तेबी हलकं." पाहुण्यांना कोणीतरी फसवलंय, अशी नानांना खरोखर काळजी वाटली होती. त्यानंतर त्यांना भाषणाला कोणी बोलावलं नाही.

पुढे खांदा गेला तसे ते गावातल्या मुलींना शिकवू लागले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. ध्यास एकच, विभागाचा करंडक. तो दरवर्षी जळगावला जायचा. यंदा मात्र आमच्याकडे भारती होती. शेतमजुरी करणाऱ्या आईची ही उंच पोर नवव्या वर्षापासून नानांच्या हाताखाली वाढली. शाळा सुटली की तिची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी नानांच्याच ओट्यावर. तिचा फटका वाजला की नाना डोळे मिटून म्हणायचे, "घडी गयं भांडं!" म्हणजे भांडं घडलं.

करंडकाच्या सामन्याला वीस दिवस उरले आणि पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं. भारतीची निवड झाली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं, सोबत प्रशिक्षकाची संमती हवी. आईनं पत्र नानांपुढे ठेवलं.

"नाना, तुम्ही सांगशात तसं. करंडक व्हई जाऊ द्या, मंग धाडसू."

मी म्हणालो, महिनाभराची मुदत मागू, अर्ज मी लिहितो. नाना माझ्यावरच भडकले. "गुरुजी, तापेल पत्रा थांबस का?" आणि तिथल्या तिथे सही ठोकली. भारती रडायला लागली, तर तिच्यावरही खेकसले, "रडू नको. सामान बांध."

ती गेल्यावर सरावात तिच्या जागी ते कोणाला उभं करेनात. चार दिवस दुखरा खांदा घेऊन स्वतःच तिथे उभे राहिले. पाचव्या दिवशी मुलींनीच त्यांना हाताला धरून बाजूला नेलं.

करंडक जळगावलाच गेला. तिथले प्रशिक्षक हात मिळवत म्हणाले, "नाना, यंदा खरं तर तुमची पाळी होती."

नानांनी छाती काढली. "आमनी भारती पुणाले शे, पुणाले!"

हरलेला माणूस इतका ताठ मी कधी पाहिला नव्हता. करंडक गेल्याचं दुःख विसरून मलाही अभिमानानं भरून आलं.

परतीच्या एसटीत मुली मागे गाणी म्हणत होत्या. पारोळ्याचा थांबा गेला. मग नाना हळूच माझ्याकडे झुकले.

"गुरुजी, तुम्ही पुणामा शिकेल शेत ना?"

"हो."

"मंग सांगा, तठे तिले कळणानी भाकर कोण दी?"