हळदीतला सातकर्णी

माझे सासरे हिरामण तात्या यांना रस्ता विचारू नये. पळस्प्याला एका गाडीवाल्याने पुण्याला कसं जायचं विचारलं, तर तात्यांनी त्याला नाणेघाटाची वाट सांगितली. "सातवाहन याच वाटंनं मोठं झालं," म्हणाले, "तुजीच गाडी काय जड हाय?"

चूक माझीच. बंदरातल्या नोकरीतून ते निवृत्त झाले तेव्हा हौसेने मीच त्यांना नाणेघाट दाखवला. जकातीच्या दगडी रांजणाचा मी फोटो काढला. तात्या मात्र रांजणावर हात ठेवून तासभर उभे. तेव्हापासून 'कसे आहात?' विचारलं तरी उत्तर पहिल्या सातवाहन राजापासून, सिमुकापासून सुरू होतं. मौर्यांची सत्ता ढिली पडली, सिमुक उभा राहिला, मग घाट हाती आले, मग बंदरं... गुडघा दुखतोय हे कळायला मध्ये तीन राजे जावे लागतात.

म्हणून तात्यांच्या पुतणीच्या, पूजाच्या हळदीला बायकोने मला बजावलं, "अहो, बाबांनी माईक धरला की वायर काढायची. जावई म्हणून एवढं तरी जमेल ना?"

मांडवात डीजे दणदणत होता. हळद लावायला बायकांची रांग लागलेली, पण पूजाची आई, सुमनकाकी, त्यात नव्हती. तात्यांचा धाकटा भाऊ गेल्यावर पनवेलच्या बाजारात मासळी विकून तिने लेकीला नर्स केलं. पण विधवेने हळदीला हात लावायचा नाही, म्हणून ती भांड्यांच्या ढिगामागे उभी. पूजा मान वळवून वळवून तिलाच शोधत होती.

तेवढ्यात तात्यांनी माईक उचलला. मी धावत जाऊन वायर उपटली. चुकीची! डीजे बंद पडला, आणि चिडीचूप मांडवात सासऱ्यांचा आवाज घुमला, "गौतमीपुत्र सातकर्णी..."

"झालं सुरू!" मागून कोणीतरी कण्हलं.

"बुडतं राज्य वर काडलं त्यानं. आन् नाव कोनाचं लावी? आयशीचं! त्याच्या आयशीला कोनी भांड्यांमागं उबी नाय केली. सुमन, फुडं ये."

"तात्या, नको," काकी तिथूनच म्हणाली. "पोरीला काय झालं तर?"

"झालं तर माज्यावर."

पूजाची थोरली आत्या ओठ घट्ट मिटून बसलेली. शेवटी पूजानेच पाटावरून हात पुढे केला. "आये, ये ना गं."

काकी आली. दोन बोटं हळदीत बुडवून तिने लेकीच्या गालाला लावली, आणि दोघी रडायला लागल्या. थोरल्या आत्याने पदराने नाक पुसलं आणि ओरडली, "आरं डीजेवाल्या, मेलास काय?"

मी गपचूप वायर खोचली.

सगळे नाचायला लागले तेव्हा तात्या कडेला एकटेच बसले होते. मी शेजारी खुर्ची ओढली. "बरं बोललात, तात्या."

"माजे हळदीला आय कुडामागं व्हती," ते म्हणाले. "फटीतून तिचा एक डोला मला दिसं. मी काय बोललो नाय."

मग मोठा श्वास सोडून ते उठले. "चला, जावयबापू. जेवू."