नायगावची बारमाही सून

नायगावच्या शेषेरावांच्या घरात दर महिन्याला एक अधिकृत सुट्टी असे. ती त्यांची सून जया हिला मिळे. त्या दिवसांत तिने स्वयंपाकघरात जायचे नाही, देवघराकडे पाहायचे नाही, लोणच्याच्या बरणीच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही. कोपऱ्यात बसून फक्त अपवित्र राहायचे. जया हे काम मन लावून करी. एरवी तिला बसायला कोणी सांगत नसे.

अडचण एवढीच, की रक्त फार जाई. ओट्यापुढे दोनदा चक्कर येऊन पडल्यावर नवऱ्याने, म्हणजे लखनने, तिला नांदेडला नेले. डॉक्टर वर्षाराणीबाईंनी रिपोर्ट पाहिला, मग जयाकडे पाहिले, मग पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"एवढ्या रक्तावर तू चालत आलीस?" त्यांनी विचारले.

"न्हाई, बसनं आले."

डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. मधे खंड न पाडता तीन महिने घ्यायच्या, म्हणजे पाळी तीन महिन्यांतून एकदाच येईल आणि तोवर अंगात रक्त भरेल. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. उशीर झाला तर आठवेल तेव्हा लगेच. लागोपाठ चुकल्या तर फोन करायचा. सुरुवातीला मधेच डाग दिसले तर घाबरून गोळी बंद करायची नाही. "आणि आराम," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या वेळी बाटल्या चढवायला यावं लागंल."

लखनने हे सगळे घरी जसेच्या तसे सांगितले. त्याची आई पंचफुलाबाई हिने त्यातले एकच वाक्य ऐकले.

"म्हंजे तीन महिने बाजूला बसायचं न्हाई?"

"हाव."

"एकदाबी न्हाई?"

"न्हाई, आई."

पंचफुलाबाईंनी तिथल्या तिथे नांदेडच्या दिशेने डॉक्टरीणबाईंना हात जोडले.

बातमी भिंतीपलीकडे गेली. शेजारची तारामती दुसऱ्याच दिवशी आली. तिच्याकडे वास्तुशांत होती आणि तिच्या स्वतःच्या सुनेचा ऐन कार्याच्या वेळी बाजूला बसण्याचा लौकिक होता. "तुमची कशी, खात्रीची हाय," ती म्हणाली. जया गेली. मग पलीकडच्या गल्लीत सत्यनारायण निघाला. मग औशाहून नणंदेचा फोन आला, की कुळधर्म आहे, वहिनीला दोन दिवस पाठवा. श्रावण संपेपर्यंत जया ही तालुक्यातील एकमेव बारमाही सवाष्ण म्हणून मान्यता पावली. विहिरीला मोटार बसवल्यावर लोक जसे पाणी मागायला येतात, तशी माणसे येऊ लागली.

गोळीची वेळ रात्री आठची. आठ वाजता जया कोणाच्या तरी चुलीपुढे असे आणि गोळी घरी. ती बरोबर न्यायला पंचफुलाबाईंची सक्त मनाई होती. "तसल्या कारणाची गोळी देवाच्या कार्यात न्हेतेत का?" गोळीने आलेले सोवळे चालत होते, गोळी सोवळ्यात चालत नव्हती.

"मावशी, गोळी घ्यायला घरी जाऊन येते," जया तारामतीला म्हणाली.

"आरती सुरू हाय. आता उठू न्हाई."

"त्या गोळीमुळंच तर मी हितं बसून राहिले."

"मग बस की!"

गोळी कधी नवाला पोटात जाई, कधी अकराला, कधी दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर. व्हायचे ते झाले. एके दिवशी डाग दिसला. जयाने आधी सासूला सांगितले. चेहरा तिने गंभीर ठेवला होता. आत मात्र झोपेची स्वप्ने पडत होती.

प्रकरण शेषेरावांपुढे गेले. शेषेराव सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. कोणताही अर्ज मंजूर न करता आणि नामंजूरही न करता माणसाला परत पाठवण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. त्यांनी लखनला डॉक्टरांना फोन लावायला सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, ही पाळी नाही; गोळीला उशीर झाला की असं होतं; वेळ पाळा, आराम द्या.

शेषेरावांनी घसा साफ केला. "ज्याअर्थी ही पाळी न्हाई, त्याअर्थी सुट्टी देता येत न्हाई. आणि ज्याअर्थी रक्त हाय, त्याअर्थी स्वयंपाकघर देता येत न्हाई."

"मग मी करू काय, मामा?"

"बाहेरची कामं," शेषेराव म्हणाले.

बाहेरची कामे म्हणजे गोठा, गोधड्या आणि सोयाबीनमधले तण. ती उरकून जया संध्याकाळी जी पडे, ती आठ वाजून गेल्यावरच उठे. गोळीला उशीर. पुन्हा डाग. डागामुळे पुन्हा बाहेरची कामे. ही व्यवस्था इतकी बिनचूक चालली, की तिच्यात कोणी सुधारणा सुचवली नाही.

मग महालक्ष्म्या आल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील आणि गल्लीभर जेवणारी माणसे. पंचफुलाबाईंचे गुडघे संपावर होते. इतर सुना बेभरवशाच्या. आणि त्या सकाळी जयाने सांगितले, की डाग आहे.

शेषेरावांनी चौकशी सुरू केली. "डाग कोणाला दिसला?"

"मला."

"आमच्यापैकी कोणाला दिसला का?" त्यांनी घरभर विचारले. कोणालाच दिसला नव्हता. "मग जोवर तू सांगत न्हाईस, तोवर तो न्हाई. तू सांगू नकू, आम्ही इचारत न्हाई. लाग कामाला."

जया कामाला लागली. पोळ्यांची चळत गुडघ्याएवढी झाली. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन्ही वेळा ती भिंत धरून उभी राहिली. पंगत बसली. तारामतीने चारचौघांत कबूल केले, की असे पुरण तिच्या माहेरीही होत नाही. आणि ऐन आठाला जया हातात पुरणाचे पातेले घेऊन पंगतीच्या मधोमध थांबली.

"मामा, डाग हाय. आता सांगून राहिले."

पंगतीतले सगळे हात वाटेत थांबले. कोणाच्या गालात अर्धी पोळी, कोणाच्या घशात आंबील. थुंकावे तर देवीचा प्रसाद, गिळावे तर सुनेचा विटाळ. सगळ्यांनी शेषेरावांकडे पाहिले. शेषेरावांच्या तोंडातही घास होता. त्यांनी तो नीट चावला, गिळला आणि निकाल दिला:

"पंगत उठेपर्यंत कोणतीबी तक्रार ऐकून घेतली जाणार न्हाई."

"बरं," जया म्हणाली. "मग पंगत उठेपर्यंत वाढायलाबी कोणी न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं हातानं घ्यावं."

तिने पातेले खाली ठेवले, कमरेला खोचलेली गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. मग घरात पंखा चालू असलेली एकच रिकामी खोली होती, तिथे गेली आणि महालक्ष्म्यांच्या पायाशी उशाला हात घेऊन आडवी झाली. तिला उठवायचे तर आत जावे लागणार होते, आणि आत गेले तर काय काय विटाळले हे जाहीर करावे लागणार होते. कोणी गेले नाही. महालक्ष्म्यांनीही हरकत घेतली नाही.

बाहेर सगळ्यांची नजर पुरणाच्या पातेल्यावर गेली. मग पंगतीतून एक हात लांबला आणि त्याने पातेल्यातले पुरण ओढून घेतले.

तो हात तुमचा होता. उगाच इकडेतिकडे पाहू नका. जया काय बोलली ते तुम्हाला स्वच्छ ऐकू आले होते, तरी तूप तुम्ही आठवणीने मागून घेतलेत. आणि हात धुता धुता शेजाऱ्याला हळूच म्हणालात, "आपल्याकडं असलं चालत न्हाई बुवा."