सहीचा गुडघा

शिस्त ही आयुष्यातली फार मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच ती शक्यतो दुसऱ्याला लावावी. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी ती एकतीस वर्षं हजारो मुलांना लावली होती. तेव्हा नव्याने बसवलेल्या एका गुडघ्याला शिस्त लावणं म्हणजे बाईंच्या हातचा मळ, असा घरच्यांचा समज होता.

फिजिओताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "टाच गादीवरून हळूहळू मागे ओढायची. दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा. सहा आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे. नाहीतर तो आखडेल, मग भूल देऊन वाकवावा लागेल. वहीत रोज नोंद करा, खाली सूनबाईंची सही घ्या."

बाईंनी वही आखली. (समास अप्रतिम होता.)

शाळेत ऐकलेल्या सबबींचं बाईंनी पूर्वी वर्गीकरण केलं होतं : पोटदुखी बेचाळीस टक्के, पाहुणे एकवीस, उरलेल्यांत वही हरवणे आणि आजी वारणे (काहींच्या आज्या वर्षातून दोनदा). पहिल्या आठवड्यात बाईंचं सोमवारी पोट दुखलं, मंगळवारी पाहुणे आले, गुरुवारी वही सापडेना. आजीची सबब तेवढी वापरता आली नाही. घरातली आजी त्याच होत्या.

दुखायचं मात्र खरोखर. टाच हलवायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं, आणि मुख्याध्यापिकांना रडायची सवय नसते. म्हणून सून कामावर गेली की बाई वहीत (हुकलेले दिवसही भरून काढत) वीस, वीस, वीस असं लिहीत आणि खाली सुनेची सही ठोकत. ही सही सुनेच्या सहीपेक्षा सुवाच्य होती.

चौथ्या आठवड्याअखेर ताईंनी मोजमाप घेतलं. वहीनुसार गुडघा एक हजार सहाशे ऐंशी वेळा वाकला होता. प्रत्यक्षात तो एकसष्ट अंशांवर अडून बसला होता.

"बाई, ही सही कोणाची?"

बाईंनी छताकडे पाहिलं. मुलं तिथेच का बघतात, हे त्यांना आज कळलं.

"सुनेची."

"त्या तर सोमवारपासून बाहेरगावी आहेत. आत्ता दार उघडताना तुमच्या मुलानेच सांगितलं."

बाई वहीचा समास बोटाने सरळ करू लागल्या.

"परत आल्या की त्यांना मला भेटायला सांगा," ताई म्हणाल्या.

सून आली, सगळं ऐकलं आणि रजा टाकून पलंगावर येऊन बसली. "आई, रडायचं तर खुशाल रडा. पण टाच ओढा."

बाई सुनेसमोर पहिल्यांदाच रडल्या. भरपूर रडल्या. टाच सरकली. मग रोज दोन्ही कार्यक्रम सोबतच होऊ लागले. सहाव्या आठवड्यात ब्याण्णव अंश भरले, तेव्हा ताईंनी वहीत लाल शाईने 'छान' लिहिलं. ते पान बाईंनी शेजारच्या तीन घरी दाखवलं, स्वतः चालत जाऊन.

यात हसण्यासारखं काही नाही. मानदुखीवरच्या व्यायामाचा कागद डॉक्टरांनी तुम्हालाही दिला होता. विसरायला नको म्हणून तो तुम्ही फ्रीजच्या दारावर लावलात. फ्रीजची मान आता उत्तम असणार.