विमानाला ऊन लागते

लढून आलेल्याला सावली द्यावी, हा आपल्याकडचा जुना धर्म आहे. (न लढलेल्यांनी आपापली सावली शोधावी, हे त्यातच आले.) घाटंजी रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर हा धर्म काटेकोर पाळला जातो, आणि विमान जतन समितीचा चिटणीस म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

एकाहत्तरच्या लढाईतले हे विमान ट्रेलरवरून तुकड्यातुकड्यांनी आले आणि जोडून चौथऱ्यावर उभे केले गेले. दर सव्वीस जानेवारीला ते उडवावे, असा ठरावही आम्ही एकमताने केला होता; पण आत इंजिनच नसल्याचे आढळल्याने तो विषय तूर्त मागे ठेवला. विमान रस्त्यावरून नीट दिसावे म्हणून चौथऱ्याजवळचा कडुलिंब तेवढा तोडला.

मग उन्हाळा लागला. एसटीची वाट पाहणारे सगळे पंखाखाली येऊन बसू लागले. दोन शेळ्याही आल्या. तांड्यावरची रुपीबाई पूर्वी कडुलिंबाखाली ताक विकायची. तिने माठ डाव्या पंखाखाली मांडला. लोक देशाच्या शौर्याकडे पाठ करून ताक पिऊ लागले. मला तर तिचा रागच आला, खोटं कशाला बोलू.

अध्यक्ष बापूजी स्वतः समजवायला गेले.

"रुपीबाई, हे लढाईचं विमान हाय, झाड नोहे. तुले समजत काहून नाई?"

"झाड होतं ना भाऊ इथं. तुमीच तोडलं. उन्हात ताक आंबते, आंबलं का कोनी घेत नाई. मंग मी कुठं जाऊ?"

माहिती बरोबर होती, पण विषयपत्रिकेवर नव्हती. समितीने कुंपण घातले. रुपीबाई माठ उचलून समोरच्या प्रवासी निवाऱ्यात गेली.

पुढे असे लक्षात आले की विमानालाही ऊन लागते. रंगाचे पोपडे निघू लागले. बापूजींच्या डोळ्यांत पाणी आले. (घरच्या भिंतींचे पोपडे निघाले तेव्हा आले नव्हते.) विमानावर घालायच्या छपराला पत्रे हवे होते, आणि निवाऱ्यात कोणीच बसत नाही हे आमच्या सर्वेक्षणात आधीच सिद्ध झालेले होते. सर्वेक्षण झाले तेव्हा सगळे विमानाखाली बसले होते, ही गोष्ट वेगळी. निवाऱ्याचे पत्रे विमानावर चढले.

दुपार कलली की छपराची सावली कुंपणाबाहेर सांडायची, आणि रुपीबाई माठ घेऊन नेमकी तिथे. आम्ही कुंपण पुढे सरकवले. आता सावली पूर्णपणे समितीच्या ताब्यात आहे. प्रवासी उन्हात उभे राहतात. बसायला जागाच नसल्यामुळे त्यांचे तोंड आपोआप विमानाकडे होते. देशप्रेम वाढले, ते असे.

परवा तुम्हीही येऊन गेलात. पाहुणे म्हणून तुम्हाला कुंपणाच्या आत घेतले. सावलीत उभे राहून तुम्ही फोटो काढलात. तहान लागली म्हणून कुंपणावरून ताक मागवलेत, एक घोट घेतलात आणि "आंबट आहे हो" म्हणून गिलास परत दिलात.

समितीने या अभिप्रायाची तातडीने दखल घेतली. पाहुण्यांना खराब माल विकल्याबद्दल रुपीबाईला फाट्यावरून कायमचे उठवले. तुमच्या फोटोत ती कोपऱ्यात, माठावर पदर धरून उभी होती. तिला तुम्ही फोटोतून आधीच कापून टाकले होते, त्यामुळे आमचे अर्धे काम झालेलेच होते.