अंडेविरहित केकाच्या गुपिताची कैफियत

वाचक सरकारचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे, केकदौलतीत गुपितभंगाचा जो प्रलय जाहला त्याचे साद्यंत वर्तमान तिखटमीठ न लावता लिहितो. आणि कोणास राग आला तर येवो, आमचा इलाज नाही.

कोपऱ्यावरच्या केकदुकानी मावशीसाहेबांचा अंमल. दारी पाटी 'शुद्ध अंडेविरहित', आणि केक ऐसा हलका की भल्याभल्यांनी तोंडात बोटे घालावी. त्यामागील गुपित दोघींसच ठाऊक: खाशा मावशीसाहेब आणि त्यांची भाची. भाचीस आईमागे त्यांनीच पोटच्या पोरीप्रमाणे वाढविले, दुकानावरली खोली दिली, आणि मग मिक्सरवर हात ठेववून शपथ घेतली, की आतले बाहेर बोलणार नाही. सबब पोरीचे इमान, अन्न आणि छप्पर एका शपथेवर उभे होते.

ऐशियात शेजारील शिंपी दाखल जाहला, आणि कन्या चिमी इच्या वाढदिवसाचा केक फर्मावून बोलला, की अंड्याचा कण पोटी गेला तरी पोरीचा गळा सुजतो, मागे इस्पितळ गाठावे लागले, तुमची पाटी पाहून जीव भांड्यात पडला. भाचीचा जीव मात्र टांगणीला लागला. आत धावून म्हणाली, "मावशी, पोर मरेल गं!" त्यावर हुकूम सुटला, की इतकुशा अंड्याने काही होत नाही, तू तोंडाला कुलूप घाल. मग भाची बाहेर आली, आणि शपथ आठवली, आणि आपल्या तापात मावशी उशाशी बसून राहिली तेही आठवले, तरी शिंप्याच्या कानाशी लागून बोललीच, "काका, यात अंडं असतं."

शिंपी कसला गप्प बसतो! सांजेपावेतो अवघी गल्ली पेटली. भाचीचे बोचके जिन्यात आले, आणि मावशीसाहेबांनी काळ्या डगल्याचा वकील नामजाद करून न्यायासनावर चाल केली, की भरवशाने सांगितलेले गुपित हिने फोडले, दौलत बुडविली. निष्ठावंत गिऱ्हाइके झाडून सारी पाठीशी बाके अडवून बसली.

न्यायाधीशीणबाईंनी सवाल टाकला, की फुटले ते गुपित कोणते, ते आधी सांगा. वकील कात्रीत सापडला. अंडे आहे म्हणावे तर पाटी खोटी. नाही म्हणावे तर गुपितच नाही, मग भंग कशाचा? सबब त्याने शक्कल लढविली, की केक फुगतो तो दह्याने, गुपित दह्याचेच. हे ऐकताच मावशीसाहेबांचा हुन्नर दुखावला आणि ताडकन उठून गर्जल्या, "दह्यानं असा केक फुगतो होय? चांगली चार अंडी घालते मी, फेस येईस्तोवर फेटून!"

बाकांवरले, जन्मात अंड्यास न शिवलेले एक आजोबा तोंडाशी रुमाल धरून बाहेर धावले.

मग निवाडा जाहला, की भरवसा होता हे खरे आणि तो मोडला हेही खरे. परंतु लेकराच्या जिवावर उठलेले गुपित झाकणे हे न्यायाचे काम नव्हे, आणि भाचीने ज्यास गरज त्यासच सांगितले. सबब दावा खारीज, पाटी उतरवावी. बाकी कृती मात्र भाचीने मरेतो बोलू नये. भाचीने मान डोलावली. मावशीने तोंड फिरविले.

फत्ते जाहली, डंका वाजविण्यास कोणी नव्हते. विजयी वीरांगना बोचक्यासह शिंप्याच्या स्वयंपाकघरी उतरली आणि दह्याचा केक भाजला, तो चपलेसारखा चपटा निघाला. मावशीने पाहिला असता तर हसून लोळली असती, हे मनात येऊन तिला रडूच कोसळले. चिमीने दोन तुकडे चापले आणि तिसरा मागितला. गळा सुजला नाही. फत्ते ती इतकीच. दप्तरी दाखल असे.